लहान चणीचा खेळाडू आणि निवडीची घाई : बुलढाणा जिल्ह्यातील शालेय व महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राच्या संदर्भात

प्रास्ताविक

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो. बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. तालुक्यात विजयी झालेला संघ जिल्ह्याला, तेथून अमरावती विभागाला आणि पुढे राज्यस्तराला जातो. या साखळीची पहिली कडी म्हणजे शाळेच्या संघाची निवड, आणि ती बहुधा एका दुपारी उरकली जाते. काळ्या मातीचे मैदान जरा वाळले की मुलांना रांगेत उभे केले जाते, शिक्षकांची नजर रांगेवरून फिरते आणि कबड्डी, व्हॉलीबॉल, हँडबॉल यांसाठी थोराड बांध्याची मुले पुढे काढली जातात. चणीने लहान असलेला मुलगा ‘पुढच्या वर्षी पाहू’ एवढे ऐकून घरी जातो. पुढच्या वर्षी तो रांगेत नसतो, हा अनुभव शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना अपरिचित नाही.

या निवडीवर केवळ एका सामन्याचा निकाल अवलंबून असता, तर तिची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु महाराष्ट्रात दहावी व बारावीच्या परीक्षेतील क्रीडा सवलतीचे गुण स्पर्धांतील सहभाग व प्रावीण्य यांवर मिळतात. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्याची पात्रताही वरच्या स्तरावरील कामगिरीवरच ठरते. कापूस व सोयाबीन यांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरातील मुलासाठी पोलीस भरती वा शासकीय नोकरी यांकडे जाणारी ही एक खरीखुरी वाट आहे. तेराव्या वर्षी रांगेतून मागे राहिलेल्या मुलाची ही वाट तेथेच बंद होण्याचा संभव असतो. म्हणून त्या वयातील शरीर निवडकर्त्याला नेमके काय सांगते व काय सांगत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जन्मतारखेचे वय व शरीराचे वय

एकाच वर्गातील, एकाच महिन्यात जन्मलेली दोन मुले शेजारी उभी केली तर त्यांतील एकाला मिसरूड फुटलेले असते व दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. दोघांचे जन्मतारखेचे वय एकच. जैविक वय मात्र भिन्न. पौगंडावस्थेत उंची वाढण्याचा वेग काही काळ एकदम चढतो, एका उच्चांकाला पोहोचतो आणि मग उतरतो. मुलींमध्ये हा उच्चांक सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. त्या एका वर्षात मुलाची उंची नऊ ते दहा सेंटिमीटर, मुलीची सुमारे आठ सेंटिमीटर वाढू शकते. ही सर्व सरासरी झाली. प्रत्यक्षात काही मुलांत हा टप्पा बाराव्या वर्षीच येतो, तर काहींना त्यासाठी सोळाव्या वर्षाची वाट पाहावी लागते, आणि दोघेही पूर्णपणे निरोगी असू शकतात. चौदा वर्षांखालील गटाच्या स्पर्धेत, म्हणजे 14, 17 व 19 या शालेय गटांपैकी पहिल्याच गटात, ही दोन टोके समोरासमोर येतात.

तेव्हा तेराव्या-चौदाव्या वर्षी मोजलेली उंची ही मुलगा किती वाढणार याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, तो केव्हा वाढणार याची नोंद असते. निवडकर्ता मात्र ती अंतिम मापासारखी वाचतो. सगळी चूक येथे आहे.

वाढीचा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. आधी हात-पाय लांबतात, नंतर धड. घरातील माणसांना हे शास्त्राविना ठाऊक असते. आधी चप्पल लहान होते, मग पँट आखूड होते आणि सदरा सर्वांत शेवटी. वजनाच्या वाढीचा उच्चांक उंचीनंतर काही महिन्यांनी येतो आणि बळाच्या वाढीचा त्याहून नंतर, साधारण वर्षभराने. त्यामुळे भराभर उंच झालेला मुलगा काही काळ ताकदीने तोकडा व हालचालींत अवघडलेला दिसतो. ज्याचा टप्पा अजून आलाच नाही त्याच्याकडे ना उंची असते ना बळ. त्याच्याकडे असते ती चपळाई, तोल आणि खेळाची समज, आणि एका दुपारच्या चाचणीत यांपैकी फारसे काही मोजले जात नाही. राज्य शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांतही उंची व वजन यांची मोजणी आहे, आणि उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, 30 मीटर व 800 मीटर धावणे अशा बाबी आहेत. लवचिकतेसारखी एखादी कसोटी सोडली तर यांतील बहुतेक गोष्टी लवकर वयात आलेल्या मुलाला आपोआप सोप्या जातात. चाचण्या वस्तुनिष्ठ आहेत यात शंका नाही. त्या प्रज्ञा मोजतात की परिपक्वतेची वेळ, हा प्रश्न उरतो.

जैविक वय मोजण्याची सर्वांत परिचित रीत म्हणजे डाव्या हाताच्या पंजाची व मनगटाची क्ष-किरण प्रतिमा. ब्रिटिश बालवाढतज्ज्ञ जे. एम. टॅनर यांच्या नावाने ओळखली जाणारी टीडब्ल्यू-3 पद्धत भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने वयोगटांच्या स्पर्धांसाठी स्वीकारली. तिचा हेतू वय चोरणाऱ्यांना पकडण्याचा. हाडाचे वय मोजण्याचे साधन आपल्याकडे आले ते जास्त वाढलेल्यांना रोखण्यासाठी. कमी वाढलेल्यांना सांभाळण्यासाठी त्याचा उपयोग करावा, असे सहसा कोणाच्या मनात आले नाही. आणि वय चोरून खेळणाऱ्या मुलाची धडक सर्वांत आधी बसते ती उशिरा वाढणाऱ्यालाच.

महाविद्यालयाला क्ष-किरणांची गरज नाही. कॅनडातील सॅस्कॅचेवान विद्यापीठातील मिरवाल्ड व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये उभ्याची उंची, बसल्याची उंची, वजन व वय यांवरून उच्चांकाचा काळ किती दूर आहे याचा अंदाज देणारे सूत्र मांडले. त्यात वर्षभराची चूक सहज होऊ शकते आणि फार लवकर वा फार उशिरा वाढणाऱ्यांबाबत ती अधिक होते, म्हणजे ज्यांच्यासाठी ते हवे त्यांच्याच बाबतीत ते लंगडे पडते. त्याहून साधा मार्ग म्हणजे तीच उंची दर सहा महिन्यांनी, त्याच भिंतीवर, त्याच माणसाने मोजणे. आई-वडिलांच्या उंचीची सरासरी काढून मुलासाठी तीत साडेसहा सेंटिमीटर मिळवले व मुलीसाठी तेवढेच वजा केले की अंतिम उंचीचा ढोबळ अंदाज येतो. हा अंदाज आठ-नऊ सेंटिमीटरने इकडेतिकडे होऊ शकतो, हे मात्र विसरता कामा नये.

1 जानेवारी आणि 1 जून

वयोगट ठरविण्यासाठी शालेय स्पर्धांत 1 जानेवारी ही सीमारेषा धरली जाते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेला मुलगा व त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या अखेरीस जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. दोघांत जवळजवळ वर्षाचे अंतर असते, आणि वाढीच्या भरातील ते एक वर्ष फार मोठे असते. कॅनडातील बर्फावरच्या हॉकीची सीमारेषाही हीच. रॉजर बार्न्सली व सहकाऱ्यांनी 1985 मध्ये तेथील हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वरच्या स्तरावर वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आढळली. सुरुवातीच्या काही महिन्यांच्या फरकामुळे निवड, निवडीमुळे चांगला प्रशिक्षक व अधिक सराव, आणि सरावामुळे खराच फरक, अशी ही साखळी आहे. क्रीडाशास्त्रात तिला सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात.

आपल्याकडे या अभ्यासाला एक मौजेची अडचण होती. ज्या पिढ्यांत जन्माची नोंद गावात होत नसे, त्या पिढ्यांतील असंख्य मुलांची जन्मतारीख शाळाप्रवेशाच्या वेळी गुरुजींनी 1 जून अशी लिहिली. कोणत्याही महाविद्यालयाच्या सेवापुस्तकांत निवृत्तीच्या तारखा 31 मे रोजी का साठतात, हे या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. अशा तारखांवरून जन्ममहिन्याचा अभ्यास करणे व्यर्थ होते. आता जन्म रुग्णालयात होतात, दाखल्यावर खरी तारीख येते, आणि हा अभ्यास जिल्ह्यातही शक्य झाला आहे.

सीमारेषेच्या अन्यायावर वजनाच्या मर्यादेने उतारा पडेल असे वाटते. तो अर्धवटच पडतो. संघटनेच्या किशोर गट कबड्डीत 55 किलो ही वरची मर्यादा ठेवली गेली, खालची नाही. 54 किलोचा पकड करणारा आणि 38 किलोचा चढाई करणारा नियमाने समान ठरतात. खो-खोने याबाबतीत अधिक शहाणपणा दाखविला होता. तेथे लहान गटांसाठी वय, उंची व वजन यांची बेरीज करून निर्देशांक काढण्याची पद्धत होती. इंग्लंडमधील फुटबॉल अकादम्यांनी 2015 च्या सुमारास जैविक परिपक्वतेनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले, तेव्हा त्याची जगभर चर्चा झाली. कागद-पेन्सिलीने केलेली खो-खोतील बेरीज त्याच दिशेची होती, तिची चर्चा कोणी केली नाही.

थोराड मुलाचे नुकसान

घाईच्या निवडीत केवळ लहान मुलाचे नुकसान होते असे नाही. लवकर वाढलेला मुलगा चौदाव्या वर्षी शरीराच्या जोरावर जिंकतो आणि जिंकत असल्यामुळे त्याला कोणी नवे काही शिकवीत नाही. कबड्डीत तो धक्क्याने सुटतो; पायाची चपळाई व हुलकावणी शिकण्याची त्याला निकड भासत नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी इतर मुले त्याच्या बरोबरीला येतात, तेव्हा त्याच्या हाती फारसे उरत नाही. शिवाय शाळा, तालुका, जिल्हा, संघटना अशा सर्व संघांतून तोच खेळतो. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर व टाचेत होणारी वाढीच्या काळातील दुखणी अशा मुलांत वारंवार दिसतात. वाढीच्या वेगाच्या काळात स्नायुबंधांच्या ओढीने हाडाचा तो कोवळा भाग सुजतो. त्यावर उपाय औषधापेक्षा विश्रांतीचा आहे, आणि हंगामात नेमकी तीच मिळत नाही.

मुलींच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. लवकर वाढलेली मुलगी कबड्डीसाठी निवडली जाते खरी, परंतु पाळी सुरू झाल्यावर अनेक घरांतून तिचे मैदान बंद होते. उशिरा वाढणारी मुलगी अधिक काळ मैदानावर राहते, पण तोवर संघ भरलेला असतो.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकेत डीनर, लोवेन व कोब्ली यांनी 2013 मध्ये व्यावसायिक हॉकीतील निवडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले जे खेळाडू निवडले गेले, त्यांची पुढील कारकीर्द त्यांच्या निवडक्रमावरून अपेक्षित असलेल्या कारकिर्दीहून सरस ठरली. निवडकर्ते त्यांना कमी लेखत होते, असा याचा अर्थ. लहानपणी मोठ्यांशी झुंजावे लागल्याने ती मुले कौशल्याने व मनाने घडली, असेही स्पष्टीकरण दिले जाते. ते मान्य करताना सावध राहावे लागते. अभ्यासात दिसतात ते टिकलेले. सोडून गेलेल्यांची नोंद कोठेच नसते. हाल सोसल्याने खेळाडू घडतो हा निष्कर्ष त्यातून काढून लहान मुलांना मुद्दाम तुडवू देणे हा शुद्ध आळस होईल.

लहान असण्याची तीन कारणे

धीर धरावा असे म्हणताना कोणासाठी, हे विचारलेच पाहिजे. काही मुले लहान दिसतात कारण त्यांचा टप्पा उशिरा यावयाचा आहे. ती वाढणार, त्यांना वेळ हवा. काही मुलांचे आई-वडीलच लहान चणीचे असतात. ती मुले प्रौढपणीही लहान राहणार. आणि काही मुले कुपोषण, रक्तक्षय, थायरॉइडचा विकार वा आतड्याचा दीर्घ आजार यांमुळे खुंटलेली असतात. वाढीचा काळ सुरू होण्यापूर्वीही वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल, किंवा वाढीच्या तक्त्यावर मूल सर्वांत खालच्या रेषेखाली असेल, तर त्याला डॉक्टरांकडे पाठवावयास हवे. तेथे धीर धरणे म्हणजे हयगय होय. तक्ताही आपला हवा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2015 मध्ये 5 ते 18 वर्षांच्या भारतीय मुलांसाठी सुधारित तक्ते दिले आहेत. परदेशी तक्त्यावर मोजले तर जिल्ह्यातील निरोगी मुलेही खुजी ठरतात. व्यायामशाळांतून विकल्या जाणाऱ्या पावडरींनी उंची वाढत नाही, हेही पालकांना स्पष्ट सांगण्याची जबाबदारी शिक्षकाचीच आहे.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे लहानच राहणाऱ्या खेळाडूचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण एका महाविद्यालयातच घडले. कराडजवळील गोळेश्वर येथे 15 जानेवारी 1926 रोजी जन्मलेले खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होते. वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांची किरकोळ शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांचे नाव घेण्यास नकार दिला, असे सांगितले जाते. खाशाबा थेट प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनी खेळू दिले आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड मल्लांना चीत केले. 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला ते फ्लायवेट गटात सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा याच खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे बँटमवेट गटात मिळालेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या जन्मदिवशी आता राज्य क्रीडा दिन साजरा होतो. या कथेतील घर गहाण ठेवण्याचा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. वास्तविक त्याआधीचा प्रसंग अधिक अनुकरणीय आहे, कारण त्याला एक पैसाही लागला नाही. कुस्तीला वजनगट असल्याने तेथे लहान चणीलाही जागा आहे. कबड्डी वा हॉकीत ती जागा प्रशिक्षकाने करून द्यावी लागते.

धनुष्याचे माप

जिल्ह्याजवळ या संदर्भात एक वेगळा दाखला आहे. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर याने मे 2023 मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड धनुर्विद्येच्या अंतिम फेरीत नेदरलँड्सच्या माईक श्लोसर याला 149-148 असे हरविले. त्याच वर्षी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा व नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासह त्याने सांघिक सुवर्णपदक मिळविले. मोठी मैदाने व महागडी साधने यांची वानवा असलेल्या जिल्ह्यातून असा खेळाडू पुढे आला, तो याच खेळात, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

धनुर्विद्येत साधन मुलाच्या मापाचे करता येते. धनुष्य किती ताणावे लागते ती लांबी आणि ताणण्यास लागणारे बळ, दोन्ही खेळाडूच्या वाढीबरोबर टप्प्याटप्प्याने वाढविली जातात. लहान मुले हलक्या बांबूच्या धनुष्यावर कमी अंतरावरून शिकतात. प्रौढ कंपाउंड धनुर्धर 50 मीटरवरून नेम धरतो. कंपाउंड धनुष्याच्या चाकांमुळे पूर्ण ताणल्यावर बोटांवरील भार बराच कमी होतो. लहान मुलाला जड धनुष्य दिले तर खांदा बिघडतो व नेमाची सवयही बिघडते, म्हणून येथे घाईची शिक्षा लगेच मिळते आणि धीर हा शिक्षणक्रमाचाच भाग बनतो. कबड्डीच्या मैदानाला असे माप नाही. तेथे बदलता येतो तो प्रतिस्पर्धी, सामन्यांची संख्या आणि प्रशिक्षकाची अपेक्षा.

महाविद्यालयाच्या हाती काय आहे

आंतरविद्यापीठ स्पर्धांत 17 ते 25 वर्षे वयाचे विद्यार्थी खेळू शकतात. उशिरा वाढणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा होईपर्यंत वाढतच असतो. म्हणजे तो पूर्ण खेळाडू होतो तो बारावीनंतर, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न एखाद्या महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीपाशी. परंतु तेथे संघनिवडीच्या वेळी त्याच्याकडे शालेय प्रमाणपत्रे नसतात, आणि प्रमाणपत्रे असलेला, चौदाव्या वर्षी थोराड असलेला मुलगा आधी निवडला जातो. शाळेतील चूक महाविद्यालय अशा रीतीने शिक्का मारून कायम करते.

कॅनडाचा मार्टिन सेंट लुई बर्फावरील हॉकीसाठी लहान मानला गेला; वार्षिक निवडीत एकाही व्यावसायिक संघाने त्याचे नाव घेतले नाही. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाच्या संघाने त्याला चार वर्षे खेळविले. 2004 मध्ये तो उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमधील सर्वाधिक गुणांचा मानकरी व सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच्या संघाने स्टॅनले चषक जिंकला. मधली चार वर्षे महाविद्यालयाची होती.

शारीरिक शिक्षण संचालकाची अडचण खोटी नाही. बहुतेक महाविद्यालयांत तो एकटाच असतो, स्पर्धांचे वेळापत्रक हाती उशिरा पडते, आणि नॅकच्या स्वयंअध्ययन अहवालात पाच वर्षांतील पदके मोजून मागितली गेली. सांभाळलेली मुले कोणी मागितली नाहीत. तरीही निवड एका दिवसाऐवजी सहा आठवड्यांच्या सरावानंतर करता येते. बारा जणांच्या संघाबरोबर आठ-दहा जणांचा दुसरा संघ वर्षभर सरावात ठेवता येतो, आणि त्याचे सामने शेजारच्या तालुक्यातील महाविद्यालयाच्या तशाच संघाशी लावता येतात. प्रथम वर्षाच्या अर्जावर शालेय प्रमाणपत्रांच्या रकान्याशेजारी गेल्या दोन वर्षांत उंची किती वाढली, हा एक प्रश्न घालता येतो. ज्याचे उत्तर दहा सेंटिमीटरच्या पुढे आहे, त्याला शाळेने बहुधा चुकीच्या वर्षी पाहिलेले असते.

संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांसाठीही येथे काम पडून आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात विद्यापीठाकडे पाठविलेल्या पात्रता अर्जांच्या प्रती असतात व त्यांवर जन्मतारखा असतात. गेल्या दहा वर्षांचे अर्ज काढून खेळाडूंची जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून, जुलै ते सप्टेंबर व ऑक्टोबर ते डिसेंबर अशी विभागणी करावी, 1 जूनच्या संशयास्पद नोंदी वेगळ्या ठेवाव्यात आणि तीच विभागणी महाविद्यालयाच्या सर्वसाधारण प्रवेशनोंदवहीशी ताडून पाहावी. दोन-तीन दुपारचे हे काम आहे.